जोडीदार गेलेला कुत्रा आणि पुण्यातला मार्च: जेवण कमी झालं तर आधी काय बघायचं?

पळसपान

शेजारशेजारच्या घरांतले दोन कुत्रे वर्षानुवर्षं एकत्र टेकडीवर जातात, आणि एक दिवस त्यातला एक जातो. मागे राहिलेल्याचं काय करायचं, यासाठी हा धागा.

आमच्या सोसायटीत सध्या हीच वेळ आली आहे. लॅब्राडॉर, वय ७, वजन ३१ किलो. त्याचा जोडीदार गावठी, १३ वर्षांचा, फेब्रुवारीच्या शेवटी मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. तेव्हापासून लॅब निम्मंच जेवतो, फिरायला निघाला की जोडीदाराच्या दारापाशी थबकतो आणि दुपारभर पडून असतो. घरच्यांचं म्हणणं, त्याला दुःख झालंय, वेळ द्या.

माझं मत असं की पुण्यात मार्चमध्ये कुत्रा कमी खातोय तर ते नुसतं दुःख म्हणून सोडून देणं धोक्याचं आहे. ऊन चढायला लागलेलं असतं, केस गळत असतात, गोचीड वाढलेले असतात. उन्हानेही आणि गोचिडांच्या आजारानेही कुत्रा मलूल पडतो. दुःख, ऊन आणि आजार वेगळे ओळखायचे कसे? आणि दुःखच असेल तर रोज नेमकं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मुठाकाठ

वेळ द्यावा हे बरोबरच आहे, पण रक्त तपासल्यावर. आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी.

डॉक्टर_सिंहगडरोड

पळसपान, तुमच्या मताशी पूर्ण सहमत. क्रमाने सांगतो.

पहिलं, ताप. नाक कोरडं की ओलं यावरून काही कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा, शेपटी हलकेच उचलून गुदद्वारात साधारण दोन-अडीच सेंटीमीटर घाला आणि बीप होईपर्यंत धरून ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला १०२ हा ताप वाटतो तो त्याला नसतो. १०३ च्या वर गेलं तर ताप. टेकडीवरून आल्या आल्या मोजू नका, अर्धा-पाऊण तास गार फरशीवर बसू द्या.

दुसरं, हिरड्या. ओठ वर करून बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिक्या असतील, पोटावर किंवा हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील, नाकातून रक्त येत असेल, लघवी चहासारखी गडद होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिसरं, जबड्याखाली आणि मागच्या गुडघ्यांच्या मागे चाचपून बघा. गाठी सुजलेल्या लागल्या तर तेही डॉक्टरांना सांगा.

गोचीडतापात, म्हणजे मुख्यतः एर्लिकिया आणि बबेसिया या गोचिडातून रक्तात शिरणाऱ्या जंतूंच्या आजारात, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरतात. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. मेख अशी की एर्लिकियाची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठ ते वीस दिवस जातात, आणि कित्येकदा ताप येतच नाही. नुसता 'हल्ली गप्प असतो' एवढंच दिसतं. जोडीदार नुकताच गेलेला असेल तर सगळ्यांना कारण आयतं मिळतं आणि तपासणी राहून जाते. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघून, जंतू दिसले नाहीत म्हणजे आजार नाही असं समजू नका. शंका असेल तर पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करतात.

आणखी एक. जोडीदाराची मूत्रपिंडं कशाने गेली? १३ वर्षांच्या कुत्र्यात वयाने जातात हे खरं, पण ते झपाट्याने झालं असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होता का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. उंदराच्या लघवीतून पसरतो, एकाच भांड्यातलं पाणी पिणाऱ्या दुसऱ्या कुत्र्यालाही होऊ शकतो आणि माणसालाही. लॅबची लेप्टोची लस वर्षाच्या आतली आहे ना, तेही बघा.

पळसपान

डॉक्टर, धन्यवाद. जोडीदाराचा आजार वर्षभर चालला होता, क्रिएटिनीन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारा रक्तातला आकडा) हळूहळू चढत गेलं होतं. लेप्टोची तपासणी झाली होती, नव्हता. लॅबचं रक्त उद्याच द्यायला सांगते.

रानवाट

टेकडीवर जाणारा कुत्रा असेल तर कुसळं विसरू नका. वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव-पर्वती, सगळीकडे फेब्रुवारी ते मे कुसळी गवत वाळून उभं असतं. त्याच्या टोकाला उलटे काटे असतात, त्यामुळे कुसळ एकदा घुसलं की फक्त पुढेच सरकतं, मागे येत नाही. पंजाच्या बोटांमध्ये गेलं तर कुत्रा एकच पाय सतत चाटतो आणि तिथे फोड येऊन फुटतो. कानात गेलं तर अचानक डोकं एका बाजूला धरून झटकायला लागतो. नाकात गेलं तर एकामागून एक शिंका, कधी एका नाकपुडीतून रक्त. हिरडीत किंवा जिभेखाली गेलेलं कुसळ हे 'कमी खातो'चं कारण असू शकतं, आणि ते कुणी उघडून बघत नाही.

घरी आल्यावर चारही पंजे, काखा, जांघा, कान आणि गळपट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपायची. रोज, आणि तेही अंघोळीच्या आधी, कारण ओल्या केसांत कुसळ सापडत नाही. कानात खोल गेलेलं घरी काढायचा प्रयत्न करू नका. गुंगी देऊन चिमट्याने काढावं लागतं.

कर्वेनगरकर

गोचिडाबद्दल लिहितो, कारण तोच मुळाशी असतो.

आपल्याकडे कुत्र्यावर दिसतो तो तपकिरी गोचीड घरातच वाढतो. अंड्यातून निघाल्यावर तीनदा कुत्र्यावर चढतो, तीनदा उतरतो, आणि मधल्या काळात भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, सोफ्याच्या शिवणीत बसतो. फुगलेली मादी खाली उतरून हजारांनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड काढले तरी घरात साठा राहतोच. फटींवरून व्हॅक्यूम फिरवा, आतला कचरा लगेच पिशवीत बांधून बाहेर टाका, गादीची खोळ गरम पाण्यात धुवा, चौकटीच्या फटी बुजवून घ्या. एकदा करून थांबू नका. पुढचे दोन-तीन महिने दर आठवड्याला.

अंगावरचा गोचीड काढताना टोकदार चिमट्याने कातडीला टेकून तोंडाजवळ पकडायचा आणि सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही. उदबत्ती लावणं, रॉकेल ओतणं, तेल लावून गुदमरवणं हे प्रकार बंद करा. काढलेला गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

औषध: महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी मिळते, वजनाच्या गटाप्रमाणे. फिट येणारा कुत्रा असेल तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना नक्की विचारा. मानेवर टाकायचे थेंब वापरत असाल आणि घरात मांजर असेल तर पाकिटावर परमेथ्रिन आहे का वाचा. मांजराला ते विष आहे.

निशिगंधा

कर्वेनगरकर, खोबरेल तेलात कापूर घालून लावलं तर गोचीड येत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. कडुलिंबाचं पाणीही.

डॉक्टर_सिंहगडरोड

कापूर नको. कातडीतून शोषला जातो, कुत्रा चाटतो तेव्हा पोटातही जातो, आणि त्याने उलट्या आणि झटके येऊ शकतात. टी ट्री तेलही नको. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली तर बिघडत नाही, पण तेवढ्यावर गोचीडतापापासून बचाव होतो असं समजू नका.

या महिन्यातली आणखी एक गोष्ट. थंडी संपली की लोकरीचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून ठेवले जातात. कुत्र्याने एखादी गोळी गिळली तर त्यातल्या नॅफ्थलीनने तांबड्या पेशी फुटतात. हिरड्या फिक्या, लघवी गडद, म्हणजे दिसायला बबेसियासारखंच. कपाट उघडं राहिलं होतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सदाशिव_पेठ

मूळ प्रश्नाकडे येतो. कुत्र्याला 'दुःख' होतं असं म्हणायला माझी तयारी नाही. त्याची सवय मोडते. सहा वाजता दोघं निघायचे, आता एकटा निघतो. दारापाशी थांबणं ही सवय आहे. आपण आपलं दुःख त्याच्यावर लादतो.

श्वानसखी

सदाशिव_पेठ, यावर अभ्यास झाला आहे. इटलीतल्या ४२६ मालकांची पाहणी २०२२ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आली. घरातल्या दोन किंवा अधिक कुत्र्यांपैकी एक गेल्यावर ८६ टक्के मालकांना मागे राहिलेल्याच्या वागण्यात बदल दिसला. ६७ टक्के जास्त लगट करायला लागले, ५७ टक्के कमी खेळायला लागले, ३२ टक्के कमी खायला लागले. दोघं किती वर्षं एकत्र होते याचा फारसा संबंध दिसला नाही. संबंध होता तो मैत्रीचा आणि एकमेकांना खाण्यात वाटा देण्याचा. मालक जितका खचलेला, तितका कुत्राही जास्त घाबरलेला, हेही त्यात आहे.

हे सगळं मालकांनी सांगितलेलं, हे मान्य. लेखकांनीही ते दुःखच आहे असं छातीठोक म्हटलेलं नाही. पण उलटा विचार करा: शंभरातले ६८ कमी खात नव्हते. म्हणजे कमी खाणं हे जोडीदार जाण्याचं हुकमी लक्षण नाही. पळसपान यांच्या काळजीला यातून बळच मिळतं.

सदाशिव_पेठ

हा मुद्दा चांगला आहे. मान्य.

रानवाट

हाचिको आठवा. जपानमधला अकिता, मालक १९२५ मध्ये गेल्यावर शिबुया स्टेशनवर नऊ-दहा वर्षं वाट बघत राहिला, १९३५ च्या मार्चमध्ये गेला. जतन केलेल्या अवयवांची २०११ मध्ये तपासणी झाली तेव्हा त्याला कर्करोग होता आणि हृदयात फायलेरियाचे जंतही होते असं निघालं. वाट बघणं खरं होतं आणि आजारही खरा होता. एक असलं की दुसरं नसतं असं नाही.

श्वानसखी

हो, तेच म्हणायचं होतं. आता रोज काय करायचं ते लिहिते. सवय म्हणा की दुःख, करायचं तेच आहे.

वेळा मोडू नका. फिरण्याची, जेवणाची, झोपण्याची वेळ आधी होती तीच. रस्ता मात्र बदलला तर चालतो. जोडीदाराच्या दारापाशी तो थांबला तर पट्टा ओढू नका. वास घेऊ द्या. मिनिटभराने शांतपणे नाव घ्या आणि चालायला लागा. वळला की शाबासकी. दारापाशीच कुरवाळत बसलात तर तो तिथेच बसायला शिकतो.

जेवण: आहे तेच अन्न, किंचित कोमट करून. वीस मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर न बोलता उचला, पुढच्या वेळी ताजं द्या. हाताने भरवू नका, चिकनचे तुकडे टाकून लाड करू नका. दोन-चार दिवसांत कुत्रा जेवण सोडून तुकड्यांची वाट बघायला लागतो आणि मग खरंच भूक नाही की हट्ट आहे हे कुणालाच कळत नाही. किती ठेवलं आणि किती उरलं हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून लिहून ठेवा. अंगाचं वजन आठवड्याला एकदा: त्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटे उभं राहा, वजाबाकी करा. ३१ किलोचा लॅब उचलणं जड जात असेल तर दवाखान्यातला काटा वापरा. दीड किलो घटलं तर थांबू नका. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तरी थांबू नका.

नाकाला काम द्या. टॉवेलच्या घडीत दहा-बारा दाणे लपवा, गुंडाळी करा, शोधू द्या. दहा मिनिटांच्या हुंगण्याने तो चांगला दमतो आणि भर उन्हात बाहेर न्यावं लागत नाही.

जोडीदाराचं अंथरूण संसर्गाने मृत्यू झाला नसेल तर लगेच धुऊ नका. कोपऱ्यात राहू द्या. तो त्यावर जाऊन झोपला तर झोपू द्या. काही आठवड्यांत स्वतःच जाणं कमी करतो.

कर्वेनगरकर

अंथरुणाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. गोचीड त्याच शिवणीत असतात. ठेवायचं तर आधी कडक उन्हात टाका, शिवणी उलटून बघा. आणि पार्वोने गेलेल्या कुत्र्याचं काहीही ठेवू नका. तो विषाणू महिनोन्महिने टिकतो, साबणाने जात नाही. फरशी आधी स्वच्छ धुऊन मग ३० भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसा आणि दहा मिनिटं ओली राहू द्या.

श्वानसखी

उन्हात टाकून शिवणी बघणं, हे पटलं.

औंधची_आजी

ऊन मार्चपासूनच धरायला हवं. साडेआठला फिरायला नेणाऱ्यांनी ऐका: हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर त्याचे पंजे भाजतात. सध्या पावणेसातच्या सुमारास उजाडतं, तेव्हाच निघावं आणि आठच्या आत घरी. संध्याकाळी सूर्य मावळला तरी रस्ता तासभर तापलेला असतो, म्हणून मातीवरून न्या.

पाणी किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे या लॅबला दिवसाला साधारण १.५५ ते १.८५ लिटर. मातीच्या पसरट भांड्यात ठेवलं तर गार राहतं. भांडं रोज घासायचं, आतून बुळबुळीत होतं.

केस गळतात म्हणून लॅबचे केस सफाचट कापू नका. आतली लोकर दाताळ्याने विंचरून काढा, आठवड्यातून तीनदा, मानेपासून शेपटीकडे. वरचे केस ऊन अडवतात.

निशिगंधा

आजी, या दिवसांत खाण्यात काय टाळायचं तेही सांगा ना. घरात द्राक्षं आणि आंबे येणार, पाडवा जवळ आलाय.

औंधची_आजी

द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाही, एकही नाही. मूत्रपिंडं जातात. किती खाल्ली की होतं याचा नेम नसतो. त्यातल्या टार्टारिक आम्लामुळे होतं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेची आमटी भातावर घालून द्यायची नाही. आंब्याची फोड चालते, कोय नाही. चोखलेली कोय कुत्रा अख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकते, मग पोट उघडावं लागतं. श्रीखंडात जायफळ आणि बेदाणे, पुरणपोळीवर तुपाची धार, दोन्ही नको. साखर नसलेल्या पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा, ते कुत्र्याला जीवघेणं आहे.

होळीची राख दुसऱ्या दिवशीही आतून तापलेली असते. कुत्री उबेला तिथे जाऊन बसतात आणि पोट भाजून घेतात. सोसायटीत पाणी ओतून विझवून घ्या.

रानवाट

अवांतर, पण खाण्यावरून: टेकडीवर आत्ता गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेलं झाड म्हणजे गिरिपुष्प. त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही. साल आणि बिया विषारी असतात. वाळलेल्या शेंगा चघळायला देऊ नका, काठी म्हणून तिची फांदी फेकू नका. आणि टिटवीची विणीची वेळ सुरू होतेय, ती उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. माळावर कुत्रा पट्ट्यातच हवा.

निवृत्त_मास्तर

अवांतर वाटेल, पण नाही. जोडीदार गेलेल्या कुत्र्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं. कुत्रा गेलेल्या माणसाचं काय? टेकडीवर माणसांची ओळख कुत्र्याच्या नावाने असते. 'ब्रूनोचे काका' म्हणतात, आडनाव कुणालाच ठाऊक नसतं. ब्रूनो गेला की काका यायचे थांबतात, कारण येण्याचं कारण गेलं असं त्यांना वाटतं. पंधरा दिवसांत माणूस कट्ट्यावरून नाहीसा होतो आणि त्याचा फोन नंबर कुणाकडे नसतो. एकटं राहणाऱ्या सत्तरीपलीकडच्या माणसाला हे फार महागात पडतं.

आधीच नंबर घेऊन ठेवा. बातमी कळली की दोन दिवसांत घरी जा, 'दुसरं पिल्लू आणा' म्हणू नका. 'उद्या सव्वासहाला खालच्या फाटकाशी थांबतो' असं वेळ आणि जागा सांगून म्हणा. 'कधीतरी या' म्हटलेलं माणूस येत नाही. आणि जमलं तर पट्टा त्यांच्या हातात द्या. लॅबला जोडीदाराच्या घरातलं माणूस ओळखीचं आहे, त्यांनी आठवड्यातून तीन दिवस त्याला नेलं तर दोघांचीही सोय होते.

पळसपान

मास्तर, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्या घरी काका एकटेच असतात. विचारते.

मुठाकाठ

दुसरं पिल्लू लगेच आणू नये याला अनुमोदन. मागे राहिलेला कुत्रा मलूल असताना घरात पिल्लू आणलं की तो त्याच्यावर गुरगुरतो, आणि पिल्लाची लसीकरणाची मालिका सोळा आठवड्यांपर्यंत चालते, तोवर त्याला रस्त्यावर नेता येत नाही. म्हणजे फिरायला सोबत मिळावी म्हणून आणलं असेल तर ती मिळतच नाही. सोबत हवी तर ओळखीचा मोठा कुत्रा बघा. पहिली भेट घरात नको, मोकळ्या जागी. दोन माणसं, दोन पट्टे, पंधरा-वीस फुटांचं अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं, हळूहळू अंतर कमी करायचं. समोरासमोर आणून नाकाला नाक लावू नका.

पळसपान

रिपोर्ट आला. तापमान १०२.४, हिरड्या ठीक, प्लेटलेट १ लाख १० हजार. स्मिअरमध्ये काही नाही, पीसीआर पाठवलंय. मशीन कधी कधी कमी मोजतं म्हणून डॉक्टरांनी काचेवर हातानेही मोजून घेतलं, कमीच आहेत. तोंडात, कानात कुसळ नाही. डाव्या मागच्या गुडघ्यामागे गाठ किंचित मोठी आहे. पीसीआरची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन सुरू केलंय, ३०० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. काका सोमवारपासून सकाळी त्याला नेणार आहेत. दारापाशी थांबणं चालूच आहे, थांबू देतोय.

एक प्रश्न: गोळी दहीभातात दिली तर चालेल का? दुसऱ्या कशात घेत नाही.

डॉक्टर_सिंहगडरोड

वेळेत पकडलंत. वजनाप्रमाणे डोस बरोबर आहे, किलोमागे १० मिलिग्रॅम.

दहीभात नको. दूध, दही, पनीर यातल्या कॅल्शियमने औषध कमी शोषलं जातं. गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास दुधाचं काही नको. भात आणि उकडलेल्या चिकनच्या गोळ्यात लपवून जेवणाच्या मध्यावर द्या, उपाशीपोटी दिली तर उलटी होते. गिळल्यावर लगेच पाणी किंवा दोन घास आणखी द्या, कारण ही गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते आणि कुत्रा पुन्हा जेवण सोडतो.

तीन-चार दिवसांत भूक सुधारायला हवी. सुधारली म्हणून गोळ्या बंद करू नका, २८ दिवस पूर्ण करा. प्लेटलेट एका आठवड्याने पुन्हा मोजा आणि कोर्स संपल्यावर परत एकदा. आणि काकांना सांगा, फिरवून आणल्यावर पंजे तेच तपासतील.